चिंचिला मादीच्या पोटाची फर मळकट आहे, जोडी लावू का? माझं उत्तर, जरा लांबलंय

तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप उडाली. तुमच्या मादीच्या जागी मला आमचा जुना चिंचिला नर, तात्या, दिसला.

मागाहून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: यांची स्टँडर्ड ग्रे (म्हणजे मूळ करड्या रंगाची) चिंचिला, हा दाट फरचा उंदराच्या कुळातला लहान प्राणी, पहिल्याच शोला गेली. जजने घडण वाखाणली, फरची दाटी वाखाणली, मग पोटावर फुंकर मारली आणि ‘ऑफ-कलर बेली’, म्हणजे पोटाचा रंग स्वच्छ नाही, असं सांगून तिसऱ्या नंबरावर बसवलं. आता यांचे तीन प्रश्न आहेत. हे खाण्यामुळे झालं का? पुढची फर पांढरी येईल का? आणि येणार नसेल तर शुभ्र पोटाच्या नराशी जोडी लावून दोष पातळ करता येईल का?

आधीच सांगतो, मी प्राण्यांचा डॉक्टर नाही आणि जनुकशास्त्र कुठे शिकलेलो नाही. ओहायोत नोकरी करतो, घराच्या बेसमेंटमध्ये चिंचिला पाळतो, पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं हात पोळून शिकलोय, निम्मं जुन्या ब्रीडर लोकांच्या तोंडून ऐकलंय. धूळ-अंघोळ, टिमोथी गवत, एसी या गोष्टींवर काही लिहीत नाही. शोपर्यंत पोचलात म्हणजे ते येतंच.

पहिलं काम म्हणजे डाग आणि रंग यांतला फरक ओळखणं. डाग टोकाला असतो. फुंकर मारून फर उघडा. खाली स्वच्छ आणि वरच मळकं असेल तर तो लघवीचा नाहीतर पिंजऱ्याच्या तळाचा प्रताप आहे. खाण्याने येणारा पिवळेपणा वेगळा दिसतो. तो बहुधा कानांतही उतरतो, आणि तेच पेलेट (चाऱ्याच्या तयार गोळ्या) खाणाऱ्या इतर जनावरांतही थोडाफार दिसतो. कोलीन, मेथिओनीन किंवा ई जीवनसत्त्व कमी पडलं की चाऱ्यातली पिवळी रंगद्रव्यं शरीराला पचवता येत नाहीत, असं त्याचं कारण सांगतात. तिसरा प्रकार जुन्या फरचा. गळायला आलेली फर जरा तांबूस-पिवळी पडतेच. साधारण तीन महिन्यांनी नवी फर भरली की पुन्हा बघा. या तिन्हींपैकी काही असेल तर पेढे वाटा आणि माझं पुढचं पुराण सोडून द्या.

पण रंग केसाच्या अंगातच असेल तर पुढचा प्रश्न विचारायचा: मलईसारखा आहे की राखाडी-भुरकट? हा फरक मला कुणी वेळेवर सांगितला नाही. मलईकडे झुकणारं पोट आणि पाठीवरही तांबूस झाक, म्हणजे जनावराचा एकूण रंगच स्वच्छ नाही. ते दुखणं निळसर, स्वच्छ रंगाचे नर निवडत दोन-चार पिढ्यांत सुधारताना मी पाहिलंय. पाठ मात्र निळी-करडी, झकास, आणि पोटच तेवढं राखेत लोळल्यासारखं असेल, तर कान टवकारा. चांगल्या स्टँडर्डमध्ये बाजूचा करडा रंग जिथे संपतो आणि पोटाचा पांढरा सुरू होतो तिथे सुरीने कापल्यासारखी रेघ असते. ती रेघ विरघळलेली दिसली की मला एबनीचा संशय येतो.

एबनी म्हणजे पोटासकट अंगभर काळा असणारा रंगप्रकार, हे तुम्हाला माहीत असेल. घोळ असा की एबनीचा एकच डोस, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेलं ते जनुक, असलेलं जनावर गडदही असू शकतं आणि इतकं फिकंही असू शकतं की स्टँडर्ड म्हणून सहज खपून जावं. तेव्हा चुगली करतं ते फक्त पोट.

आता तात्या. २०१३च्या हिवाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका ब्रीडरने कळप मोडला, तेव्हा मी हा नर घेतला. डोकं असं रुंद की बघत राहावं, फर मखमली. पोट भुरकट होतं, ते मला दिसलं होतं! पण जनावर नऊ तास गाडीत लहानशा पिंजऱ्यात बसून आलं होतं, तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की डाग असेल, जाईल. जायची वाट बघितली असती तरी चाललं असतं. मी त्याला महिन्याभरात माझ्या तीन सगळ्यात चांगल्या माद्यांना लावला. एका नाही, तीन.

नऊ पिल्लं झाली. जन्मतः सगळ्यांची पोटं मला पांढरीच वाटली. पिल्लाच्या फरवरून पोटाच्या रंगाचा निकाल देऊ नये, मोठेपणीची फर भरेपर्यंत, म्हणजे सात-आठ महिने तरी थांबावं, हे आज मी कुणालाही सांगतो. तेव्हा चार पिल्लं दोन-दोन महिन्यांची असताना पेडिग्रीसकट (वंशावळीच्या कागदासकट) विकून मोकळा झालो. उरलेल्यांतला एक नर आणि त्याची सावत्र बहीण इतकी देखणी निघाली की त्या दोघांची जोडी लावली. पोटं दोघांचीही थोडी मळकट होती. मी काय म्हणालो असेन? बापावर गेलीत.

१११ दिवसांनी सकाळी बेसमेंटमध्ये गेलो तर आईच्या पोटाखाली कोळशासारखं काळं पिल्लू. बायको म्हणाली, कुठला पिंजरा उघडा राहिला होता का? पण आमच्या घरात काळा नर नव्हताच. ब्लॅक व्हेल्व्हेट हा दुसरा काळा रंगप्रकार म्हणावं तर त्याचं पोट पांढरं असतं. हे पोटाखालीही काळं. दोन करड्या आईबापांच्या पोटी पूर्ण एबनी! दोघांकडून एक-एक डोस आला होता, आणि दोघांना तो तात्याने दिला होता. पिल्लाचं नाव आम्ही बुक्का ठेवलं. गुणी जनावर. जोडी कधी लावली नाही.

इथून माझा राग सुरू होतो, तेव्हा ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

तात्याच्या पेडिग्रीच्या कागदावर तीन पिढ्या होत्या, तिन्हींत सगळे ‘स्टँडर्ड’. मागच्या पिढ्या हव्या होत्या म्हणून ज्या कार्यालयात त्या कळपाची नोंद होती तिथे अर्ज केला, फीचा चेक जोडला. चेक चौथ्या दिवशी वटला. उत्तर आठ महिन्यांनी आलं. तेवढ्या वेळात चिंचिला दोनदा विते आणि वर अठरा दिवस उरतात, हे मी हिशेब करून सांगतोय. मधल्या काळात फोन केले की ‘जुन्या फाइली आधीच्या सेक्रेटरींच्या घरी आहेत’. ईमेल केली की ‘अर्ज नेमका कोणत्या नमुन्यात केला होता?’ आणि आठ महिन्यांनी लिफाफ्यात काय? माझ्याकडे होता तोच तीन पिढ्यांचा कागद, त्याची झेरॉक्स, वर नवा शिक्का. अहो, तो तर मीच तुम्हाला अर्जासोबत पाठवला होता! नाव घेत नाही. माणसं सगळी हौशी आहेत, पगार कुणाला नाही, हेही मान्य. पण मग फी कसली घेता?

शेवटी उलगडा झाला तो एका म्हाताऱ्या ब्रीडरच्या फोनवर, वीस मिनिटांत. तो म्हणाला, त्या कळपात नव्वदच्या दशकात एबनी घातला होता, फरचा पोत सुधारायला. पुढे करडी दिसतील ती ‘स्टँडर्ड’ म्हणून लिहीत गेले. त्याच्या जुन्या कार्डावर पेन्सिलीने खूण होती. तात्याची खापरपणजी एबनी निघाली. चौथी पिढी, म्हणजे कागद जिथे संपत होता त्याच्या बरोब्बर एक घर मागे.

मग चार जणांना फोन करावे लागले. दोघांनी ‘आम्हाला घरात पाळायलाच हवी होती’ म्हणून हसण्यावारी नेलं. एकाने पिल्लू परत केलं, मी त्याचे पैसे परत दिले. चौथ्या बाईंनी ते जनावर आधीच त्यांच्या जुन्या वाणात लावलं होतं. त्या शोमध्ये दिसतात. अजून बोलत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही.

म्हणून तुमच्या ‘पातळ करता येईल का’ला माझं उत्तर: ताकात पाणी घातलं की ताक पातळ होतं, जनुक होत नाही. शुभ्र पोटाच्या नराशी लावलीत तर साधारण निम्मी पिल्लं स्वच्छ निघतील आणि निम्मी तो डोस घेऊन जातील. त्यांच्यातली काही दिसायला आईपेक्षा पांढरी असतील, तेव्हा तुम्हाला वाटेल जमलं. तीच जास्त घातक. आपल्याकडे म्हणतात ना, खाण तशी माती. (गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक पाळीव चिंचिलांचा मूळपुरुष शोभेल असा मॅथियास चॅपमन खाण-इंजिनिअरच होता, १९२३ साली चिलीतून ११ चिंचिला घेऊन कॅलिफोर्नियात उतरला.)

चाचणीसाठी पूर्ण काळ्या एबनीशी जोडी लावायची, असं काही जण सुचवतील. बरोबर आहे, पूर्ण काळं पिल्लू आलं की गुन्हा शाबीत. पण एका वेळी एक-दोन पिल्लं, वर्षाला फार तर दोन विणी. काळं आलं नाही म्हणून मादी निर्दोष ठरायला किती विणी लागतील? आणि त्या सगळ्या पिल्लांना घरं कोण देणार? तुमच्याकडे सहा पिंजरे आहेत. माझ्या मते, राखाडी छटा असेल तर तिला पैदाशीतून काढा आणि लाडाने पाळा. एबनीच वाढवायची हौस असेल तर उघड एबनी म्हणून वाढवा, त्यात वाईट काहीच नाही. माझं भांडण खोट्या कागदाशी आहे. मलई छटा असेल तर जोडी लावा, पण एकच, आणि पिल्लं आठ महिने घरात ठेवायची तयारी असेल तरच. जाणत्यांचं मत वेगळं असू शकतं.

तुमच्या पोस्टखाली दोघांनी कॉर्नस्टार्च (मक्याचं पांढरं पीठ) चोळायला सांगितलंय. लघवीच्या डागाला ठीक. रंगावर चोळून शोला गेलात तर जजच्या पहिल्या फुंकरीला पांढरा ढग उठेल. मी तो ढग पाहिलाय, सुदैवाने दुसऱ्याच्या टेबलावर.

आणि पुण्याहून ‘इथे जोडी कुठे मिळेल’ विचारणारे जे आहेत त्यांना: नका हो. पंचविशीच्या पुढे पारा गेला की या जनावराची धाप सुरू होते, तुमच्याकडे एप्रिलात अडतीस होतं. एसी एक दुपार बंद पडला की संपलं.

तर आता फोटो टाका. घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढू नका, तिथे सगळ्यांचीच पोटं पिवळी दिसतात. ढगाळ दिवशी खिडकीजवळ काढा, किंवा शोमध्ये असतात तसली दिवसाच्या उजेडाची ट्यूब आणा. पोट आणि बाजू मिळतात ती रेघ दिसू दे. शेजारी पांढरा कागद धरा. विकणाऱ्याकडे तिचे आईबाप अजून असतील तर त्यांचीही पोटं मागा. आणि मागच्या पिढ्यांसाठी कुठे अर्ज करणार असाल तर आजच करा, मूळ कागद मात्र स्वतःकडे ठेवा.