आधी ओळख, मग खड्डा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिला पाऊस झाला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर लावायची म्हणून तुमच्या सोसायटीने पन्नास रोपे आणून ठेवली आहेत. त्यांत गुलमोहर आणि सोनमोहर आहेत हे कळल्यावर कुणीतरी परदेशी झाडांवरून तुला खडसावले आणि तेव्हापासून तू बेचैन आहेस. शेवटी तू माझ्याकडे देशी झाडांची यादी मागितली आहेस. यादी मी देणार नाही. रागावू नकोस, पण ज्या जागेची आपल्याला ओळख नाही तिथे खड्डा घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे, आणि ते होईपर्यंत माझ्या हातून पुष्कळ नुकसान झाले आहे.

तुझ्या वयाचा असताना मी आणि माझे दहा-बारा मित्र दर रविवारी टेकडीवर कुदळी घेऊन जात असू. आम्ही लावली ती बहुतेक उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही झाडे भराभर वाढतात, आपल्याकडची गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत आणि पाणी न घालताही ती तगतात, म्हणून आम्हाला ती वरदानच वाटली. किती रोपे जगली याची नोंद मी वहीत ठेवत असे. खड्डे घेताना उपटलेल्या गवताची नोंद मात्र कुणीच ठेवली नाही. चार-पाच वर्षांत सावली दाटली, आणि जिथे कुसळी, पवन्या आणि मारवेल कमरेपर्यंत वाढत असत तिथे नुसता पाचोळा उरला. गवत गेले तसे त्याच्या बुडाशी घरटे करणारे चंडोलही तिथून गेले.

त्याहून जास्त सलणारी गोष्ट वेगळीच आहे. एका एप्रिलमध्ये आमच्या आखलेल्या ओळीत एक वाळलेले झाड आडवे येत होते. एकही पान नाही, साल करडी. मेलेलेच आहे असे म्हणून आम्ही ते तोडले, आणि पहिला घाव मी घातला. ती मोई होती. मोई हिवाळ्यात पाने टाकते आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तशीच उभी राहते, हे मला दोन वर्षांनी एका गुराख्याने सांगितले. वर्षभर मी त्या झाडाकडे एकदा जरी नीट पाहिले असते, तरी त्याच्यावर कुऱ्हाड चालवली नसती. म्हणून सांगतो, आधी ओळख, मग खड्डा.

तरीही आम्हाला बेफिकीर समजू नकोस. टेकडी उघडी दिसत होती, उतारावरची माती दर पावसात ओघळून जात होती, बांधकामे पायथ्याला भिडली होती, आणि झाडी दिसली तर निदान कुणी टेकडीला हात लावणार नाही असे आम्हाला मनापासून वाटत होते. ते वाटणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. चूक झाली ती ‘उघडी’ या शब्दात. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. टेकडीवर काळ्या कातळावर वीतभर माती असते. अशा जागेला शोभते ते गवत, आणि त्यात दूरदूर उभी असलेली सालई, मोई, धावडा, मेडशिंगी, गणेर यांसारखी पानझडी झाडे. ती जागा रिकामी नव्हती, आम्हाला ती वाचता येत नव्हती.

आता कळले का, यादी का देत नाही ते? ताम्हण अस्सल देशी, महाराष्ट्राचे राज्यपुष्प. पण ते ओढ्याकाठचे, ओलाव्याचे झाड आहे. यादीत पाहून तू ते टेकडीच्या माथ्यावर लावशील आणि मार्चपासून पाण्याच्या बाटल्या वाहशील. देशी हा शब्द पुरेसा नाही. कुठल्या उताराचे, किती मातीचे, कोणत्या पाण्याचे, हे विचारायला शीक. आणि ज्यांनी तुला खडसावले त्यांचे ऐकून उंदीरमारी सरसकट तोडायलाही निघू नकोस. आज उतारावरची माती तिच्याही मुळांनी धरून ठेवली आहे. तीही आधी पाहावी लागेल. ती पन्नास रोपे कुंपणाच्या आत, जिथे रोज पाणी घालणारे कुणी आहे, तिथे मावतील तेवढी लावा, उरलेली परत करा. त्यावर इतकी झोप घालवण्याचे कारण नाही.

तुझे काम निराळे आहे. टेकडीवरचा शंभर पावलांचा एक तुकडा निवड आणि वर्षभर, दर आठवड्याला, त्याच तुकड्यावर जा. मोबाइलने सांगितलेले नाव लिहून मोकळी होऊ नकोस. पान कधी गळले, फूल कधी आले, त्यावर कोण बसले, ते लिही. पावसाळ्यात गवतातून खाली वाकून पाहिलेस तर एखादे कंदीलपुष्प भेटेल. त्याच्या नळीतले केस खाली वळलेले असल्यामुळे आत शिरलेली चिलटे अडकतात आणि केस कोमेजले की पराग घेऊन बाहेर पडतात. त्याचा कंद मातीत असतो. अशाच मातीत आम्ही दीड-दीड फुटाचे खड्डे घेत होतो.

आणि वर्षभर हाताला काहीच नको हे तुला जमणार नाही, मलाही जमले नसते. गच्चीवर कढीपत्ता लाव. बहुरूपी फुलपाखरू त्यावर अंडी घालते. सुरवंटांनी पाने कुरतडली म्हणून औषध फवारू नकोस, खाऊ दे. पळसाच्या शेंगा सध्या पडत आहेत, त्यातल्या दोन-चार उचलून आण आणि बी ताजे असतानाच पिशवीत पेर. ती रोपे कुठे लावायची हे पुढच्या वर्षी तुझी वही सांगेल, मी नाही.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता ये. पाऊस अजून लांब आहे, त्यामुळे वरच्या वाटेवरची मोई निष्पर्णच असेल. नखाने तिची साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग तुला दाखवायचा आहे.

तुझा,
काका