चाकांवरच्या खोलीचे पडदे

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी जीपला जोडून ओढायची एक जुनी, छोटी प्रवासी ट्रेलर-गाडी घेतली आहे. तिला पाच लहान खिडक्या आहेत आणि तयार पडदे त्यांना मोठे होतात, म्हणून घरच्या मशीनवरच शिवायचे ठरवले आहे. सासूबाईंच्या वेळच्या तीन सोलापुरी चादरी घरात आहेत. त्यांचेच पडदे करावेत का? नाहीतर कापड किती आणावे आणि मापे कशी घ्यावीत?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : चादरींना एवढ्यात कात्री लावू नये. सोलापुरी चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली, दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगांत नक्षी दाखवणारी आणि अंगानेच जाड असते. तिला चुण्या घातल्या तर लहानशा खिडकीत पडद्याऐवजी वळकटी टांगल्यासारखी दिसेल, शिवाय कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटू लागतील. हवी असल्यास एक चादर, न कापता, झोपायच्या जागेच्या आड सपाट सोडावी. रुंदी जास्त झाली तर एका बाजूने दुमडून हाताने टाके घालावेत, म्हणजे पुढे ती पुन्हा अंथरता येईल.

खिडक्यांसाठी मध्यम जाडीचे सुती कापड उत्तम. नवी पेठेत कापड घेताना आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारावी. पडद्याचे कापड बहुधा ४८ इंच पन्ह्याचे मिळते आणि आपला सगळा हिशेब त्यावरच बसतो. समजा, खिडकी २४ इंच रुंद व १८ इंच उंच आहे. दांडी दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त, म्हणजे २६ इंचांची धरावी. लहान खिडकीला दीडपट चुण्या पुरतात, म्हणून कापड ३९ इंच, म्हणजे प्रत्येक पल्ल्याला साडेएकोणीस इंच. त्यात पल्ले एकमेकांवर यावेत यासाठी एक इंच आणि दोन्ही कडांच्या दुमडीसाठी दोन इंच मिळवले की साडेबावीस होतात. दोन पल्ल्यांचे ४५ इंच एकाच पन्ह्यात निघतात. उंचीत काचेच्या वर-खाली दोन-दोन इंच, आणि वरच्या व खालच्या नेफ्यासाठी, म्हणजे दांडी ओवायच्या दुमडीसाठी, प्रत्येकी पावणेदोन इंच (सव्वा इंच नेफा, अर्धा इंच आत मुडपायला) धरून एकूण साडेपंचवीस इंच कापड लागते. पाचही खिडक्या याच मापाच्या असतील तर साडेतीन मीटर पुरेल. नक्षी जुळवायची असेल तर मात्र थोडे अधिक घ्यावे.

या साडेतीन मीटरमध्ये आटण्याचा भाग धरलेला आहे, म्हणून कापड रात्रभर भिजत घालून, वाळवून, इस्त्री करूनच बेतावे. हे आम्ही अनुभवाने लिहीत आहोत. एका मैत्रिणीच्या गाडीचे पडदे कोऱ्या कापडाचेच शिवले, आणि पहिल्या धुण्यानंतर ते इंचभर वर चढून काचेखालची फट दाखवू लागले. त्याच वेळी दुसरी चूकही झाली : डावीकडच्या खिडकीचे माप घेऊन उजवीकडची तेवढीच असेल असे गृहीत धरले, आणि ती पाऊण इंचाने मोठी निघाली. तेव्हा प्रत्येक खिडकी स्वतंत्र मोजून कापडावर मागच्या बाजूने खडूने तिचा क्रमांक घालावा.

घरच्या पडद्याला एक दांडी पुरते, चालत्या गाडीतल्या पडद्याला दोन लागतात. तुळजापूरच्या वाटेवर गाडी हादरू लागली की मोकळा पडदा सतत फडफडतो. आणि पुढची खिडकी आत झुकलेली असेल तर तो काच सोडून चक्क अधांतरी लोंबतो. म्हणूनच वर आणि खाली असे दोन नेफे ठेवायचे. अर्ध्या इंचाच्या नळीसाठी सव्वा इंचाचा नेफा पुरतो. त्याहून अरुंद केल्यास नळी ओवताना शिवण उसवते. स्प्रिंगची तार स्वस्त असली तरी मधोमध झोळ धरते, त्यामुळे ॲल्युमिनियमची नळी बरी. तिचे हूक बसवण्यापूर्वी भिंतीची जाडी पाहावी, कारण लांब स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेला तर पावसाचे पाणी तिथूनच आत झिरपते.

शिवताना १६ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. उन्हात सुती दोरा लवकर कुजतो. आधी कडा, मग नेफे, हाच क्रम ठेवावा, नाहीतर नेफ्याचे तोंडच शिवले जाते. शेगडीजवळच्या खिडकीला लोंबता पडदा नकोच. तिथे चुण्या नसलेला सपाट तुकडा टिचबटणांवर लावावा आणि शेगडी पेटवण्यापूर्वी काढून ठेवावा.

प्रश्न : आमच्या गाडीला गडद निळे, जाड पडदे आहेत. तरीही एप्रिलमध्ये ते ओढून घेतल्यावर आत भट्टी होते. असे का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : काचेतून आलेले ऊन गडद कापड शोषून घेते आणि तीच उष्णता आत सोडते. पडदे बदलण्याची गरज नाही. काचेकडच्या बाजूला पांढऱ्या कापडाचे अस्तर लावावे, म्हणजे बराचसा उजेड काचेतूनच परत जाईल. अस्तरही आधी भिजवून घ्यावे आणि पडद्यापेक्षा अर्धा इंच आखूड बेतावे, नाहीतर ते खालून डोकावते. यानेही भागले नाही तर ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागेल. दुपारी मुक्कामाला थांबताना खिडकीवर बाहेरून जाड कापड ताणून बांधले तर आतल्या पडद्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.