निवेदनं देऊन थकले, शिष्यवृत्ती अडकलेलीच

प्रिय मैत्रिणी,

कॉलेजमधल्या अनुसूचित जातीच्या मुलांची शिष्यवृत्ती रखडली आहे. 14 मागण्यांचं निवेदन दिलंस, मोर्चा काढलास, प्राचार्य ‘वर पाठवलंय’ एवढंच सांगतात, आणि आता सोबतचेच विचारतात, ‘तुझ्या पुढारीपणाचा उपयोग काय?’ हे मनाला लागणारच. तरी राजीनामा देऊ नकोस. अर्ज नेमके कुठे अडलेत, हे अजून कुणी शोधलेलंच नाही.

महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला तपासला जातो, मग समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. मंजूर झाला तरी खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे जमा होत नाहीत. म्हणून शिष्यवृत्ती सोडून बाकीच्या 13 मागण्या सध्या बाजूला ठेव आणि तक्ता कर: अर्ज क्रमांक, भरल्याची तारीख, पोर्टलवरची आजची स्थिती. आधारच्या झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले व्हॉट्सॲपवर मागवू नकोस; ज्यांच्यासाठी लढतेस त्यांचेच कागद भलत्या हाती पडतील.

बँकेपाशी अडलेल्यांना थेट बँकेत पाठव. कॉलेजपाशी अडलेल्यांची लेखी तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2023 च्या नियमांत शिष्यवृत्तीचा विलंब ही तक्रारच आहे. समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. पोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नका.

समाजकल्याणकडे अडलेल्यांसाठी माहिती अधिकार वापर. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘उशीर का झाला?’ असं विचारलंस तर हाती काही लागणार नाही, कारण कार्यालयाला नोंदीत असलेलीच माहिती द्यावी लागते. त्यापेक्षा विचार: कॉलेजकडून अर्ज कोणत्या तारखांना मिळाले, मंजूर किती, परत पाठवलेले किती, आणि परतीच्या शेऱ्यांच्या प्रती. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

वडील हजेरीवरून चिडतात, त्यात त्यांचं चुकत नाही. वर्ष बुडालं तर तुझं बोलणं कॉलेजात कुणी ऐकणार नाही. तक्ता एका मैत्रिणीकडे, समितीचं काम दुसरीकडे, माहिती अर्ज तिसरीकडे दे. त्यातली एक तरी पहिल्या वर्षाची असू दे, म्हणजे तुझी परीक्षा आली तरी अपिलाची मुदत चुकणार नाही.