पाण्याची बाटली घेताना आधी झाकण खोलून बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, दुसरीतल्या मुलीला शाळेत न्यायला कुठली बाटली घ्यावी, बीपीए-फ्री लिहिलेलं असलं की काळजी मिटली का, आणि सासूबाई म्हणतायत तशी तांब्याचीच घ्यावी का. माझ्या मामांचं पुण्यात रविवार पेठेत भांड्यांचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथेच असायचो, नंतर बरीच वर्षं प्लास्टिक पॅकेजिंगमध्ये नोकरी झाली, त्यामुळे दोन्हीकडचं बऱ्यापैकी माहितीये. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी बीपीएचं बघू. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन, हे पॉलीकार्बोनेट बनवायला लागतं, म्हणजे ते काचेसारखं पारदर्शक, टणक, आपटलं तरी न फुटणारं प्लास्टिक, ऑफिसात पाण्याचे २० लिटरचे जार येतात त्यातले बरेच याचेच असतात. शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतं म्हणून युरोपने २०११ ला आणि अमेरिकेने २०१२ ला बाळांच्या दुधाच्या बाटल्यांतून ते काढलं, आपल्या बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०१५ च्या मानकात तेच केलं, आणि युरोपचा तर जानेवारी २०२५ पासून खाण्यापिण्याच्या भांड्यांत आणि डब्यांच्या आतल्या कोटिंगमध्येसुद्धा बंदीचा नियम लागू झालाय, जुना माल संपवायला मुदत दिलीये तेवढीच. आता गंमत बघा, शाळेच्या बऱ्याचशा बाटल्या पॉलीप्रॉपिलीनच्या असतात, तळाला त्रिकोणात ५ आकडा असतो ती, आणि विकतच्या पाण्याची बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, आकडा १. या दोन्हींत बीपीए कधी नव्हतंच! शेंगदाणा तेलाच्या डब्यावर कोलेस्टेरॉल-फ्री छापतात त्यातलाच प्रकार. खोटं काही नाही पण त्यासाठी शंभर रुपये जास्त मोजायचं कारण नाही.

तो त्रिकोणातला आकडाही सेफ्टीचा मार्क नाहीये, १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिकवाल्यांनी भंगारात प्लास्टिक वेगळं काढायला सोपं पडावं म्हणून तो सुरू केला. ५ दिसला तर चांगलं, पॉलीप्रॉपिलीन गरम पाणीही सहन करतं. ७ म्हणजे 'इतर', त्यात पॉलीकार्बोनेटही येतं आणि ट्रायटन नावाचं दुसरं प्लास्टिकही येतं, ट्रायटनमध्ये बीपीए नसतं, तेव्हा ७ असेल आणि ट्रायटन असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर सोडून द्या. कुठल्याही प्लास्टिकला आतून ओरखडे पडले, धुरकट झालं, वास धरला की ती बाटली गेली असं समजायचं.

फ्रिजमध्ये पाणी ठेवायला कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्या वापरता असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते खरं जास्त महत्त्वाचं आहे. त्या बाटल्याही पेटच्याच, आणि पेट म्हणजे एकदाच वापरायचं प्लास्टिक, सत्तरेक अंशाच्या पुढे मऊ पडतं, आणि ते बनवताना अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, ते अगदी थोडं थोडं पाण्यात उतरत राहतं, उष्णता वाढली की जास्त. गार पाण्यात हे प्रमाण फार कमी असतं, घाबरू नका, पण उकळलेलं पाणी निवायच्या आधी त्यात ओतणं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवून तेच पाणी पिणं हे दोन्ही बंद करा. शिवाय त्या बाटलीचं तोंड इतकं अरुंद की आत ब्रश जात नाही, नुसतं खळखळवून ती स्वच्छ होत नाही, बोट घालून बघा कडेला बुळबुळीत लागेल. घरासाठी काचेच्या बाटल्या घ्या ना, काच कशाशीच रिअ‍ॅक्ट होत नाही, फुटते एवढंच, आणि फ्रिजमध्ये ठेवायच्या बाटलीला कितीसं आपटायचंय.

आता स्टील, माझं मत शाळेसाठी हेच. ३०४ ग्रेड घ्या, यालाच १८/८ म्हणतात, साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. स्वस्तातल्या बाटल्या २०१ किंवा २०२ च्या येतात, निकेल महाग म्हणून त्यात मँगनीज घालतात, त्या लवकर गंजतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल, तर त्याला भुलू नका, २०१ लाही चुंबक चिकटत नाही, आणि उलट अस्सल ३०४ दाबून वाकवलं की त्या जागी थोडं चिकटायला लागतं, म्हणजे या परीक्षेत नापास होणारी बाटली चांगली असू शकते आणि पास होणारी रद्दी. त्यापेक्षा आयएसआयचा शिक्का बघा. साध्या स्टील, तांबं, अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्यांचं मानक आयएस १७८०३, थर्मासवाल्या स्टीलच्या बाटलीचं आयएस १७५२६, शिक्क्याच्या वर हा नंबर असतो आणि खाली सीएम/एल म्हणून लायसन्स नंबर, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर बाटली परत द्या.

साधी एका पत्र्याची घ्या, थर्मास नको. थर्मासची बाटली रिकामीच एवढी जड असते की दप्तरासकट त्या पोरीला वाकायला होईल, आणि वर्गात सहा तास बर्फासारखं पाणी तिला कशाला हवंय? २०२४ मध्ये अमेरिकेत स्टॅनली कंपनीच्या थर्मास कपांवरून शिशाचा गाजावाजा झाला होता, त्यात खरं एवढंच की थर्मासच्या दोन पत्र्यांमधली हवा काढून घेतल्यावर तळाचं भोक बंद करायला शिसं असलेला मसाला वापरतात आणि वरून स्टीलची चकती बसवतात, पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. मात्र कुठल्याही थर्मासच्या बुडाची चकती निघून आली तर ती बाटली लहान मुलाच्या हातात देऊ नका. आणि गार पाणी भरल्यावर बाहेरून घाम सुटला तर समजा आतलं निर्वात गेलं, ती आता साधीच बाटली झाली, पाण्याला धोका नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या रंगीत बाटल्या मी घेणार नाही. अ‍ॅल्युमिनियम उघडं ठेवता येत नाही म्हणून आत कोटिंग असतं, आणि ते कशाचं हे विकणारा सांगू शकत नाही. सिग ही नावाजलेली स्विस कंपनी, लोक प्लास्टिक टाळायचं म्हणून तिच्या बाटल्या घेत होते, आणि २००९ मध्ये तिनेच मान्य केलं की ऑगस्ट २००८ आधीच्या बाटल्यांच्या अस्तरात बीपीए होतं.

तांब्याबद्दल सासूबाईंना दुखवू नका, रात्री तांब्यात ठेवलेलं साधं पाणी सकाळी प्यायला काही हरकत नाही. पण शाळेची बाटली म्हणून नको, कारण मुलं त्यात काय भरतील सांगता येत नाही, लिंबू सरबत, कोकम, ताक, आंबट काहीही तांब्यात कळकतं, म्हणूनच तर आपल्याकडे तांब्या-पितळेच्या पातेल्यांना कल्हई लावायची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, आंबट पदार्थ तासन्‌तास राहिला तर ती सहज ओलांडली जाते, मग मळमळ, उलटी. शिवाय चिंच लावून रोज घासणार कोण?

आणि आता झाकण, खरी घाण तिथे असते आणि बघत कोणीच नाही. सिपरच्या चोचीत, स्ट्रॉच्या नळीत, रबरी रिंगच्या मागे काळं धरतं, बाटली ३०४ ची असो नाहीतर सोन्याची. दुकानात उभ्या उभ्या झाकण पूर्ण सुटं करून बघा, रिंग नखाने निघत नसेल तर घेऊ नका, सुटी रिंग वेगळी मिळते का तेही विचारा. स्क्रूचं साधं झाकण, मुलीचा नाही तरी तुमचा हात किंवा ब्रश आत जाईल एवढं तोंड, बास. कार्टूनवाली सिपर बाटली तिला हवी असणारच, तिथे थोडं भांडण होईल, स्टिकर लावून भागवा.

नवी आणलीत की आतून तेलाचा बोळा फिरवा, काळं निघालं तर पॉलिशचं आहे, निघेपर्यंत पुसा आणि मग कोमट पाणी-साबणाने धुवा. रोज संध्याकाळी घरी आली की धुऊन उघडी पालथी ठेवायची, आठवड्यातून एकदा रिंग काढून, खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात अर्धा तास, पण झाकण न लावता. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर धरतो, त्याला लिंबूसत्व चालतं. ब्लीच स्टीलला लावू नका, त्याने बारीक खड्डे पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो.