मुलांमध्ये अंग वारंवार बाहेर येणं: दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल

तुम्ही लिहिलंय की मुलगा ६ वर्षांचा आहे, दीड वर्ष औषधं झाली, गुदाशयाभोवती दोनदा इंजेक्शनं झाली आणि तरी शौचानंतर अंग, म्हणजे गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग), हाताने आत ढकलावं लागतं. अशा वेळी सर्जननी दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं यात घाई नाही. ४ वर्षांच्या आत सुरू झालेला हा त्रास बहुतेकदा शौच मऊ ठेवल्यावर थांबतो. त्या वयानंतरही वर्षभर टिकला, तर आपोआप जाण्याची शक्यता कमी होते.

तारीख ठरवण्याआधी बाहेर आलेल्या भागाचा फोटो काढून दाखवा. एकात एक गोल वलयं दिसली तर गुदाशयाची पूर्ण भिंत उतरते आहे, आणि हे ऑपरेशन त्यासाठीच आहे. मधल्या छिद्राकडून बाहेर जाणाऱ्या उभ्या घड्या दिसल्या तर बहुधा फक्त आतलं अस्तर सरकतंय. तिथे एवढं मोठं काम लागत नाही. एकाच बाजूला लाल गोळा असेल तर तो पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) असू शकतो. जंत, सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातले स्राव घट्ट करणारा जन्मजात आजार) यासाठी घामाची तपासणी आणि मणक्याच्या नसांचा दोष हे तपासून झालंय का, तेही विचारा.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. बेंबीतून कॅमेरा, बाजूने ३ किंवा ५ मिमीची दोन छिद्रं. डोक्याकडची बाजू खाली केली की आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. मग गुदाशयाच्या मागची जागा थेट ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंपर्यंत सोडवायची. माझ्या मते सगळं यश इथेच ठरतं. अर्धवट सोडवलं तर वरचे टाके पक्के असूनही खालचा भाग पुन्हा घसरतो. मात्र थर चुकला तर त्रिकास्थीसमोरच्या (मणक्याच्या तळाच्या हाडासमोरच्या) शिरांतून रक्तस्राव होतो, आणि लघवीच्या नसाही तिथूनच जातात. शेवटी गुदाशय वर ताणून न विरघळणाऱ्या २ ते ४ टाक्यांनी त्रिकास्थीवरच्या जाड पडद्याला बांधतात. टाका आतड्याच्या पोकळीत शिरता कामा नये, नाहीतर जंतुसंसर्ग होतो.

गुदाशय बांधायला कृत्रिम जाळी वापरावी का, असं तुम्ही विचारलंत. नसा आणि स्नायू नीट असलेल्या मुलात पहिल्या वेळी नुसते टाके पुरेसे असतात. जाळी वाढत्या शरीरात कायमची राहते, क्वचित आतड्यात घुसते. अंग पुन्हा उतरलेल्या किंवा नसांचा दोष असलेल्या मुलांसाठी ती राखून ठेवावी. सिग्मॉइड आतडं (गुदाशयाच्या लगेच वरचा भाग) फार लांब आणि बद्धकोष्ठ जुनाट असेल, तर त्याचा तुकडा काढायचा का, हे आधीच बोलून घ्या.

बहुतेक मुलं एकदोन दिवसांत घरी जातात. यानंतरचं काम तुमच्याकडे. बद्धकोष्ठ या ऑपरेशननंतर वाढूही शकतं, म्हणून शौच मऊ ठेवणारं औषध, पॉलिइथिलीन ग्लायकोल, काही महिने चालू ठेवा. शौच मऊ झालं म्हणून परस्पर बंद करू नका. पाय स्टुलावर टेकलेले हवेत, बसणं ५ ते १० मिनिटंच. नंतर थोडं अस्तर दिसलं तर घाबरू नका, ते अनेकदा इंजेक्शनने आटोपतं. पण पूर्ण वलय परत आलं, ताप आला, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.

ऑपरेशन होईपर्यंत अंग बाहेर आलं तर मुलाला कुशीवर झोपवा, हातमोज्यावर जेल लावा आणि चहूबाजूंनी सावकाश दाब द्या. सूज असेल तर साधी दाणेदार साखर पसरून थोडा वेळ थांबा. पाणी ओढलं जाऊन सूज उतरते. रंग काळपट दिसला किंवा तरीही आत जात नसेल, तर ढकलत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.