इटलीत सात रात्री हातात आहेत. किती शहरं करावीत?

तुमचा बेत असा आहे: मुंबईहून चौघं, त्यात साठी ओलांडलेले आईबाबा, इटलीत सात रात्री, आणि यादीत रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, शिवाय ‘जमलंच तर अमाल्फी’, म्हणजे दक्षिणेचा समुद्रकिनारा.

मुक्काम तीनच करा. रोम तीन रात्री, फ्लॉरेन्स दोन, व्हेनिस दोन. पिसा फ्लॉरेन्सहून अर्ध्या दिवसात होतं. मिलान आणि अमाल्फी या खेपेला सोडा.

हिशेब साधा आहे. सात रात्री म्हणजे आठ तारखा. त्यातली पहिली उतरण्यात जाते, शेवटची परतीच्या विमानात. उरले सहा दिवस. मुक्काम एकदा हलवला की अर्धा दिवस गेला असं धरायचं. तीन मुक्कामांत सामान दोनदा हलतं, म्हणजे फिरायला पाच दिवस मिळतात. पाच मुक्काम केलेत तर सामान चारदा हलतं आणि पाच शहरांत वाटायला चार दिवस उरतात.

लोक फसतात ते गाडीची वेळ बघून. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन, व्हेनिस ते मिलान अडीच. कागदावर हे पुणे-मुंबईपेक्षा सोपं दिसतं. पण फ्लॉरेन्स सोडायचा दिवस घड्याळ लावून बघा. साडेनऊला बॅगा भरून हॉटेलचा हिशेब चुकता करायचा (माणशी, दर रात्रीचा शहरकर बहुतेक ठिकाणी तिथेच वेगळा भरावा लागतो). दहाला दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढत सांता मारिया नोव्हेला स्टेशन. अकराच्या सुमाराची गाडी, सव्वाएकला व्हेनिस. स्टेशनाबाहेर पडलं की समोर पाणीच. व्हापोरेत्तो म्हणजे तिथली पाण्यावरची बस, तिच्या तिकिटाची रांग, माणशी साडेनऊ युरो, तिकीट 75 मिनिटं चालतं. एक नंबरची बोट सान मार्कोला, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य चौकाला, पोचायला पाऊण तास घेते. तिथून गल्ल्या आणि पूल. खोली तीनच्या आसपास ताब्यात. सव्वादोन तासांच्या प्रवासाने साडेनऊ ते तीन गिळले, आणि यात काहीही बिघडलेलं नाही.

व्हेनिसच्या पुलांना पायऱ्या असतात, हे फोटोत लक्षात येत नाही. दोन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे असतील तर हॉटेल निवडताना एकच प्रश्न विचारा: सर्वांत जवळच्या बोटथांब्यापासून हॉटेलपर्यंत किती पूल? शून्य किंवा एक असेल तरच घ्या. खर्चासाठी मेस्त्रेला राहायला हरकत नाही, ते मुख्य भूमीवर आहे आणि गाडीने बेटापासून दहा-बारा मिनिटांवर. फक्त मग संध्याकाळी परत निघायची घाई होते, आणि व्हेनिस खरं उघडतं ते दिवसभराचे पर्यटक पाच-सहाला निघून गेल्यावर. बेटावर राहायचं असेल तर गाडीतून मेस्त्रेला उतरू नका. तुमचं स्टेशन त्याच्या पुढचं, सांता लुचिया. 2024 पासून काही ठरावीक तारखांना दिवसापुरत्या येणाऱ्यांना प्रवेशशुल्क आहे. मुक्कामी माणसाला ते माफ आहे, मेस्त्रेतल्या मुक्कामीलाही, पण माफीचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन काढून ठेवावा लागतो.

विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर ‘मल्टि-सिटी’ घ्या: जाताना रोम, येताना व्हेनिस. आखाती कंपन्यांची विमानं दोन्हीकडे जातात आणि भाड्यात फरक बहुधा फार पडत नाही. रोमला जाऊन-येऊन तिकीट काढून बसला असाल तर व्हेनिसहून परत रोमला यायला थेट गाडीलाही जवळजवळ चार तास लागतात, आणि सकाळचं विमान असेल तर शेवटची रात्रही रोमला काढावी लागते. तशा वेळी मी व्हेनिस सोडेन आणि दोनच मुक्काम करेन: रोम चार, फ्लॉरेन्स तीन. त्यात पिसा आणि फ्लॉरेन्सजवळचं जुनं गाव सिएना दोन्ही बसतात. सिएनाला बसने जा. रेल्वे स्टेशन टेकडीखाली आहे, बस जुन्या गावाच्या जवळ सोडते.

आता वार. याकडे कोणी बघत नाही आणि इथेच अख्खी सहल कोसळते. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारपर्यंत फुकट उघडी असतात आणि तेव्हाची रांग बघवत नाही. फ्लॉरेन्सची दोन कलासंग्रहालयं, उफिझी आणि मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा असलेली आकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. म्हणून शक्य असेल तर मंगळवारी रोमला उतरा. बुधवारी कलोसियम आणि शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष, कारण बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले की त्यांच्या सभेमुळे व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चला जाणं अडतं. गुरुवारी व्हॅटिकन. शुक्रवारी सकाळी फ्लॉरेन्सला, दुपारी उफिझी. शनिवारी सकाळी आकादेमिया, मग पिसा. रविवारी व्हेनिस, सोमवारी डोजेंचा (व्हेनिसच्या जुन्या राज्यप्रमुखांचा) राजवाडा, तो रोज उघडा असतो. मंगळवारी परत. शनिवारी उतरून तीन रात्री रोमलाच ठेवल्या तरी चालतं, सोमवार रोममध्ये जातो. पण मग व्हॅटिकन सोमवारी येतं आणि रविवारची तुंबलेली गर्दी तुमच्या वाट्याला.

पिसासाठी रोम-फ्लॉरेन्सच्या वाटेवर सामानासकट उतरायचा मोह टाळा. वेगवान गाड्या त्या मार्गाने जात नाहीत आणि मनोऱ्यावर चढताना हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवावी लागते. फ्लॉरेन्सहून साधी प्रादेशिक गाडी तासाभरात पिसा चेंत्राले स्टेशनला पोचते, तिथून मनोरा वीस-पंचवीस मिनिटं चालत. पिसा सान रोस्सोरे हे छोटं स्टेशन त्याहून जवळ आहे. या गाडीला आरक्षण नसतं, भाडं कधीही तेच. मात्र कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड होतो.

मिलान का नको? लिओनार्दो दा विंचीच्या ‘द लास्ट सपर’ या भित्तिचित्राचं तिकीट मिळालं तर मिलानला अर्थ आहे. तिथे एका गटाला पंधरा मिनिटं मिळतात आणि तिकिटं बरीच आधी संपतात. ते नसेल तर एका कॅथेड्रलसाठी मुक्काम हलवणं परवडत नाही. अमाल्फीची गोष्ट वेगळी, ते सुंदरच आहे. पण रोमहून एका दिवसात जाऊन येतो म्हणणारा माणूस समुद्र बसच्या खिडकीतून बघतो. तिकडे जायचंच असेल तर रोमच्या उत्तरेकडचं सगळं कापा: रोम तीन रात्री, अमाल्फीजवळचं सोरेन्तो चार, पॉम्पेईचे अवशेष त्यातच. एप्रिल ते ऑक्टोबर हेच महिने धरा, हिवाळ्यात बोटी फार कमी होतात.

बुकिंगचा क्रम: आधी विमान, मग रद्द करता येणारी हॉटेलं (व्हिसाच्या कागदांत तीच लागतात), व्हिसा हातात आल्यावर वेगवान गाड्या. रोम-फ्लॉरेन्स आधी काढलं तर वीस-तीस युरोत मिळतं, त्याच दिवशी पन्नासच्या पुढे जातं. स्वस्त तिकिटाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. कलोसियमची तिकिटं 30 दिवस आधी खुली होतात आणि त्यावर प्रत्येकाचं नाव असतं, म्हणून पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच भरा.

स्टेशनावरच्या फलकावर फ्लॉरेन्स शोधाल तर सापडणार नाही. तिथे ‘फिरेन्झे’ असतं, आणि गाडी पुढे मिलान किंवा तोरिनोला (ट्युरिन) जात असेल तर मोठ्या अक्षरात तेच नाव. गाडीचा नंबर जुळवा. फलाट म्हणजे ‘बिनारिओ’, त्याचा आकडा निघायच्या थोडाच वेळ आधी लागतो. फलकाखाली थांबा, उगाच कुठल्याही फलाटावर जाऊन बसू नका. निघण्याआधी आठवडाभर ‘शोपेरो’ हा शब्दही शोधा: संप. तारखा आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. पिसाचा दिवस त्यात सापडला तर पहाटे निघा.