बिर्गिट निल्सन यांच्या भूमिका कुठून ऐकायला सुरुवात करावी, आणि ऐकताना नेमकं काय ऐकावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: स्वीडिश सोप्रानो (स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका) बिर्गिट निल्सन (1918–2005) यांच्या प्रमुख भूमिका कोणत्या क्रमाने ऐकाव्यात, आणि त्यांचा आवाज नुसता मोठा होता की त्यात आणखी काही होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण क्रम त्यावरूनच ठरतो.

ऑपेराच्या मंचावर माइक नसतो, आणि वाग्नर किंवा रिचर्ड श्ट्राउस या जर्मन संगीतकारांच्या रचनांत शंभराच्या आसपास वादक वाजवत असतात. त्यांच्याशी जोराची स्पर्धा करून कुठलाच गळा टिकत नाही. पण वाद्यमेळाचा सगळ्यात जास्त जोर साधारण 500 हर्ट्‌झच्या आसपास असतो, त्याच्या वर तो झपाट्याने उतरतो. निल्सनबाईंचा स्वर बारीक टोकाचा, चकाकता होता, आणि तो वरच्या मोकळ्या पट्ट्यातून आरपार जातो. अगदी तार स्वरांत हिशेब बदलतो. हाय सी, म्हणजे सोप्रानोच्या पट्टीच्या वरच्या टोकाजवळचा सूर, सुमारे 1046 हर्ट्‌झचा असतो. तिथे गायिका जबडा मोकळा सोडून मुखातला अनुनाद मूळ सुरापर्यंत वर नेते, त्यामुळे ‘ई’, ‘ऊ’ हे स्वर ‘आ’कडे झुकतातच. तिथे शब्द कळले नाहीत तर दोष गायिकेचा मानू नका.

सुरुवात इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘तुरान्दोत’ या ऑपेरापासून करा. 7 डिसेंबर 1958 ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहाच्या हंगामाचा पडदा निल्सनबाईंच्या तुरान्दोतनेच उघडला होता. पहिल्या अंकात राजकन्या तुरान्दोत दिसते, पण एक अक्षर गात नाही. दुसऱ्या अंकात येते ती थेट ‘इन क्वेस्ता रेज्जा’ घेऊन. साधारण सहा मिनिटांची ही आरिया (एकल गाणं), आणि तिच्या शेवटी सोप्रानो आणि टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) दोघंही आपापल्या हाय सीवर एकत्र पोहोचतात. 1965 च्या, वाद्यवृंद-संचालक मोलिनारी-प्रादेल्ली यांच्या ध्वनिमुद्रणात समोर फ्रांको कोरेल्ली आहेत. तो सी खालून ओढत आणलेला नाही, नेमका मधोमध बसतो. बाईंचा सूर कधी कधी केसभर चढा लागतो हेही खरं, पण खाली घसरण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

त्यानंतर वाग्नरच्या तीन ऑपेरांत येणारी युद्धकन्या ब्र्युनहिल्ड. ‘डी वालक्युरे’च्या दुसऱ्या अंकाच्या आरंभीची ‘होयोतोहो’ ही रणआरोळी सगळे ऐकवतात: एका सप्तकाच्या उड्या, वरचे बी आणि सी, तेही रात्रीचं पहिलंच गाणं म्हणून. माझ्या मते खरी परीक्षा त्याच अंकात पुढे आहे. जीगमुंड या योद्ध्याला त्याच्या मृत्यूची वार्ता सांगणारा प्रसंग खालच्या-मधल्या पट्टीत आहे. आरोळीत गळा ताणून बसलेली गायिका इथे पोकळ वाटते. उलट ‘जीगफ्रीड’मधली ब्र्युनहिल्ड शेवटच्या दृश्यातच जागी होते आणि जवळजवळ सगळं वरच गाते. एकाच पात्राला तीन ऑपेरांत तीन वेगळे गळे लागतात म्हटलं तरी चालेल.

त्यातल्या तिसऱ्या ऑपेराचं, ‘ग्योटरडेमरुंग’चं, ब्र्युनहिल्डचं शेवटचं चितादृश्य दोनदा ऐकाच. एक संचालक सॉल्टी यांचं 1964 चं व्हिएन्नातलं, दुसरं जर्मनीतल्या बायरॉइट महोत्सवात कार्ल ब्योम यांनी 1967 साली प्रत्यक्ष प्रयोगात केलेलं. स्टुडिओत हे दृश्य ताज्या गळ्याने गाता येतं. प्रयोगात त्याआधी जवळपास चार तासांचं संगीत होऊन गेलेलं असतं. थकव्याची पहिली खूण म्हणजे स्वरकंप. निरोगी कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा असतो. तो मंद आणि रुंद झाला की सूर नेमका कुठला, हेच कळेनासं होतं. बाईंचा स्वर तिथेही सरळ उभा असतो, हे मला अजूनही थक्क करतं.

वाग्नरच्याच ‘ट्रिस्टान’ची नायिका इझोल्ड, तिच्यासाठी ब्योम यांचंच 1966 चं बायरॉइटचं ‘ट्रिस्टान’ घ्या. दुसऱ्या अंकात प्रेमिक भेटतात तेव्हाचे दोन हाय सी बऱ्याच जणी नुसते स्पर्शून सोडतात, बाई ते पुरते गातात. पण कान ठेवा तो अगदी शेवटच्या एफ शार्प या सुरावर. इतक्या मोठ्या आवाजाने तो हळुवार घेणं हाय सीपेक्षा अवघड आहे.

श्ट्राउसची ‘एलेक्ट्रा’ मात्र सरावानंतरच ऐका. एकच अंक, जवळपास पावणेदोन तास, आणि नायिका आली की शेवटपर्यंत मंचावरच.

एक सावधगिरी. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या 1972 च्या ‘तुरान्दोत’मध्ये सोप्रानो जोन सदरलंड गातात आणि अप्रतिम गातात, पण ही भूमिका त्यांनी मंचावर कधीच केली नाही. माइक जवळ असला की असं जमून जातं. म्हणून तुलना करायची तर प्रयोगाची प्रयोगाशीच करा, आणि इयरफोनचा आवाज आरंभीच्या हळू भागावर एकदा जुळवून मग अंक संपेपर्यंत हलवू नका.